नववीतला मुलगा, उंची ६ फूट २ इंच: व्यावसायिक बास्केटबॉलची वाट नेमकी कशी असते?

प्रश्न – द्राक्षबागायतदार, सांगली जिल्हा

नमस्कार. माझा मुलगा नववीत शिकतो. गेल्या महिन्यात त्याला पंधरावे वर्ष पूर्ण झाले आणि त्याची उंची ६ फूट २ इंच भरली. आमच्या घराण्यात कोणीही खेळाडू नाही. सहावीत असताना शाळेतील क्रीडाशिक्षकांनी उंची पाहून त्याला बास्केटबॉलच्या कोर्टवर नेले, आणि तेव्हापासून पहाटेच्या सरावासाठी त्याला आम्हाला एकदाही उठवावे लागलेले नाही. जिल्हा आणि विभागीय शालेय स्पर्धा तो दोन वर्षे खेळला असून या वर्षी राज्य पातळीपर्यंत पोहोचला.

त्या स्पर्धेच्या वेळी एका खासगी संस्थेचे गृहस्थ आम्हाला भेटले. मुलाला दोन वर्षे परदेशातील अकादमीत ठेवल्यास अमेरिकेतील महाविद्यालयाची शिष्यवृत्ती जवळजवळ निश्चित मिळेल, आणि तेथून एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, दरवाजा दूर नाही, असे त्यांनी सांगितले. पहिल्या वर्षाचा खर्च १८ लाख रुपये आहे. बागेतील दीड एकर विकायला काढला तर तेवढी रक्कम उभी राहील. पत्नीचा विरोध आहे. मुलगा काही बोलत नाही, पण त्या दिवसापासून जेवताना त्याचे लक्ष ताटात नसते. आणखी एका परिचिताने जन्मतारीख एक वर्षाने पुढची करून घेण्याचा सल्ला दिला, म्हणजे कमी वयाच्या गटात तो उठून दिसेल. मला या खेळातले काहीच कळत नाही. ज्यांना कळते त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगावे.

प्रतिसाद – जुना गार्ड, पुणे

दादा, पैशांबद्दल इतर जाणकार लिहितील. मी खेळाबद्दल लिहितो, कारण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: तुमचा मुलगा कोर्टवर उभा कुठे राहतो?

मी राज्य संघातून खेळलो आणि आता बारा-तेरा वर्षे मुलांना शिकवतो आहे, त्यामुळे अंदाज बांधण्याचे धाडस करतो. तो रिंगखाली उभा राहत असणार. सहकारी त्याला उंचावरून चेंडू देतात, तो वळून बोर्डावर मारतो, चुकला तर परत उसळलेला चेंडू (रिबाउंड) स्वतःच घेऊन पुन्हा टाकतो आणि शाळा सामना जिंकते. यात शिक्षकांना दोष देता येणार नाही, कारण जिल्हा पातळीवर एवढ्या उंचीचा मुलगा हाती लागल्यावर कोणीही त्याला तेथेच उभे करील. परंतु व्यावसायिक खेळात सहा फूट दोन ते सहा फूट पाच ही गार्डची उंची आहे. म्हणजे चेंडू स्वतः पुढे घेऊन येणाऱ्या, लांबून नेम साधणाऱ्या आणि चालत्या खेळात दुसऱ्याची जागा हेरून पास देणाऱ्या खेळाडूची. रिंगखाली तेथे सात फुटांच्या आसपासची माणसे असतात. पंजाबचा सतनामसिंग भामरा ७ फूट २ इंचांचा आणि प्रिन्सपालसिंग ६ फूट १० इंचांचा, म्हणून त्यांना रिंगखाली घडवणे योग्यच होते. तुमचा मुलगा आणखी दोन-तीन इंच वाढला तरी त्या जागेसाठी तो बुटकाच ठरेल, आणि गार्डला लागणारे हात मात्र तयार झालेले नसतील. अशी कितीतरी मुले मी पाहिली आहेत. सोळाव्या वर्षी जिल्ह्यात सर्वांत भारी असलेला मुलगा विसाव्या वर्षी कोणत्याच जागी बसत नाही, आणि त्याला स्वतःला त्याचे कारण कळत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

एक साधी परीक्षा घ्या. रविवारी त्याला फक्त डाव्या हाताने चेंडूचे टप्पे मारत कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायला सांगा. अंतर २८ मीटर असते. तो चेंडूकडे किती वेळा पाहतो, तेवढेच मोजा. तीन गुणांची रेषा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांप्रमाणे रिंगपासून ६.७५ मीटरवर आणि एनबीएत बहुतेक ठिकाणी ७.२४ मीटरवर असते. तेथून तो सरावात तरी चेंडू टाकतो का, हेही पाहा.

आणि गुडघ्याच्या वाटीखाली हाड दुखते, असे तो म्हणत असेल तर ते टाळू नका. झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात सिमेंटच्या कोर्टवर रोज उड्या मारणाऱ्या मुलांना हा त्रास होतो. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून सरावातील उड्या काही काळ कमी केल्या, तर तो बहुधा आटोक्यात येतो.

प्रतिसाद – फ्रिस्कोनिवासी, टेक्सास

मूळचा कोल्हापूरचा, गेली अनेक वर्षे येथे राहतो. सतनामचे नाव वर आले आहे, म्हणून लिहितो. एनबीएतील डॅलस मॅव्हरिक्सशी जोडलेला टेक्सास लेजंड्स हा एनबीएच्या विकास लीगमधील संघ आमच्याच गावात खेळतो आणि २०१५-१६ च्या हंगामात केवळ सतनामसाठी आम्ही काही मराठी कुटुंबे सामन्यांना जात असू. तो बहुतांश वेळ बाकावर असे. शेवटच्या काही मिनिटांत त्याला उतरवले की आम्ही उभे राहून टाळ्या वाजवत असू, आणि बाकावर परतताना तो मान खाली घालून टॉवेल खांद्यावर घेत असे, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे.

त्याची वाट कशी होती, ते नीट पाहण्यासारखे आहे. बरनाला जिल्ह्यातील बल्लो के हे त्याचे गाव, वडील शेतकरी. लुधियाना बास्केटबॉल अकादमीत तो घडला आणि २०१० मध्ये, चौदाव्या वर्षी, निवड होऊन शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत आला. तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हते. पुढे शैक्षणिक पात्रतेच्या अडचणीमुळे महाविद्यालयीन बास्केटबॉलचा मार्ग त्याच्यापुढे जवळजवळ बंद झाला आणि जून २०१५ मध्ये तो थेट ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, उतरला. मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. मात्र दुसऱ्या फेरीत निवड झालेल्या खेळाडूला पहिल्या फेरीसारखा हमीचा करार मिळत नाही, आणि एनबीएचा एकही नियमित सामना त्याच्या वाट्याला आला नाही. ज्या वयात खेळाडू महाविद्यालयात दर आठवड्याला तोलामोलाच्या संघांशी खेळून पक्का होतो, ती वर्षे त्याला मिळाली नाहीत. माझ्या मते त्याचे खरे नुकसान तेथे झाले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये हिगेनामाईन या प्रतिबंधित द्रव्याच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि नंतर तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. हिगेनामाईन काही पूरक आहारांतही आढळते, तेव्हा व्यायामशाळेत कोणी दिलेली पावडर मुलाला घेऊ देऊ नका.

आता तुमच्या १८ लाखांविषयी. महाविद्यालयाची शिष्यवृत्ती तेथील प्रशिक्षक देतात. मधला कोणीही ती निश्चित करू शकत नाही. त्या गृहस्थांना लेखी विचारा की शिष्यवृत्ती एनसीएएच्या (अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेच्या) कोणत्या विभागातील महाविद्यालयाची आहे, कारण तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. पहिल्या विभागासाठी ठरलेले १६ मुख्य विषय पूर्ण करावे लागतात आणि त्यांची मोजणी नववीपासूनच सुरू होते. म्हणजे तुमच्या मुलाचे या वर्षीचे इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे गुण हा त्याच्या बास्केटबॉलचाच भाग आहे. गुणपत्रिका जपून ठेवा आणि काटछाट न केलेल्या संपूर्ण सामन्यांचे चित्रीकरण करून ठेवा. प्रशिक्षकांना निवडक बास्केट नकोत. चेंडू हातात नसताना मुलगा काय करतो, ते त्यांना पाहायचे असते.

प्रतिसाद – लोहमार्ग, मुंबई

मी रेल्वेकडून खेळले आणि आज रेल्वेतच नोकरी करते, तेव्हा दुसरी बाजू मांडते. भारतात या खेळावर घर चालवलेल्या बहुतेकांना आधार मिळाला तो रेल्वे, बँका, ओएनजीसी, पोलीस किंवा सेनादलातील नोकरीचा. नागपाड्याच्या मैदानावर वाढलेले, भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुनतासिर हेही रेल्वेकडूनच खेळले. गीतू अ‍ॅना जोस यांनी दक्षिण रेल्वेत असतानाच २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील रिंगवुड हॉक्सकडून व्यावसायिक खेळाला सुरुवात केली आणि २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक लीगच्या) संघांच्या निवड चाचण्या दिल्या. नोकरीमुळे त्यांची वाट अडली नाही.

देशी लीगवर मात्र आज संपूर्ण भिस्त ठेवू नका. २०१५ मध्ये सुरू झालेल्या यूबीए या देशी व्यावसायिक लीगमध्ये पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे संघ होते. २०१७ नंतर ती थांबली. २०२२ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग आली, याचा मला मनापासून आनंद आहे, तरीही वर्षभराचा पगार देणारी व्यवस्था अजून रुजायची आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र फाइलमध्ये लावा.

जन्मतारखेबद्दल मला राग येतो, तो लपवत नाही. आमच्या वेळी एका संघात दोन मुलींची वये कमी लावलेली होती. त्यांतली एक आमच्यात सर्वांत गुणी होती. वैद्यकीय तपासणीत ते उघडकीस आले आणि ती पुन्हा कोर्टवर दिसली नाही; ज्या मोठ्या माणसांनी कागद बदलले होते, त्यांना काहीही झाले नाही. तुमच्या मुलाचे पारपत्र, शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका यांच्यावर आयुष्यभर एकच तारीख असली पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही दोघेच कोर्टवर गेलो. डाव्या हाताने धावताना त्याने एकोणीस वेळा खाली पाहिले आणि दोनदा चेंडू त्याच्याच बुटावर आपटून बाहेर गेला. मी आकडा सांगितल्यावर तो जरा खट्टू झाला, मग स्वतःच म्हणाला, “पप्पा, परत एकदा मोजा.” दुसऱ्या वेळी सतरा झाले. अंधार पडेपर्यंत आम्ही तेथेच होतो. गुडघ्याबद्दल विचारल्यावर त्याने चार महिन्यांपासून दुखत असल्याचे कबूल केले; सराव बंद होईल या भीतीने त्याने सांगितले नव्हते. गुरुवारी मिरजेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. संस्थेला विभागाबद्दल लेखी विचारले आहे, अद्याप उत्तर आलेले नाही. बाग विकणार नाही, हे आज पत्नीला सांगितले. जुना गार्ड सर, त्याची नजर वर ठेवण्यासाठी घरच्या घरी काही करता येईल का?

प्रतिसाद – जुना गार्ड, पुणे

नक्कीच येईल, आणि त्यासाठी तुम्हाला खेळ येण्याची गरज नाही. गुडघ्याला आराम पडेपर्यंत धावणे नको. अंगणात एका जागी उभे राहून तो डाव्या हाताने टप्पे मारील. तुम्ही समोर पाच-सहा पावलांवर उभे राहा आणि दर दोन सेकंदांनी हाताची बोटे बदलून दाखवा. किती बोटे आहेत, ते त्याने टप्पा न चुकवता मोठ्याने सांगायचे. रोज दहा मिनिटे पुरेत. पहिल्या आठवड्यात चेंडू सारखा निसटेल, तो त्यालाच आणू द्या.