पर्जन्यमापक नसलेल्या लहान पाणलोटात अवर्षण कसे ठरवावे?

प्रश्न

महूच्या दक्षिणेस, विंध्याच्या उतारावरून चोरल नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या पाणलोट क्षेत्राचा मी इंदूरहून अभ्यास करीत आहे. क्षेत्रफळ २०० चौरस किलोमीटरच्या आत असून तिथे एकही पर्जन्यमापक नाही. तहसिलीच्या ठिकाणी जो आहे, त्याच्या नोंदींत कित्येक महिने कोरे आहेत. आर्द्रता, वारा व सूर्यप्रकाश यांसाठी इंदूर विमानतळाच्या वेधशाळेवाचून पर्याय नाही. ती पठारावर आहे आणि माझी निम्मी गावे घाटाखाली. एवढ्या सामग्रीवर एखादे वर्ष अवर्षणाचे होते असे जबाबदारीने म्हणता येईल का?

प्रतिसाद १

म्हणता येईल, पण आधी पावसाची मालिका नीट उभी करा. मॅकी, डोस्केन आणि क्लाइस्ट यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या प्रमाणित पर्जन्य निर्देशांकाला, म्हणजे पाऊस नेहमीपेक्षा किती कमी-अधिक होता हे सांगणाऱ्या आकड्याला, केवळ मासिक पाऊस लागतो, मात्र तो किमान ३० वर्षांचा असावा. हवामान खात्याची जाळीबद्ध, म्हणजे नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाला पाऊस दिलेली, आकडेवारी १९०१ पासूनची आहे, परंतु तिचा पाव अंशाचा एक चौकोन सुमारे ७०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या सबंध पाणलोटाहून मोठा. १९८१ पासूनच्या ‘चर्प्स’ या उपग्रहाधारित मालिकेचा चौकोन ३० चौरस किलोमीटरहून लहान आहे. चौकोन लहान झाला म्हणून माहिती तितकीच सूक्ष्म झाली असे मात्र समजू नका, कारण तिची दुरुस्तीही शेवटी जमिनीवरच्या त्याच मोजक्या केंद्रांवरून होते. तहसिलीच्या पर्जन्यमापकाची विश्वसनीय वर्षे निवडून ‘चर्प्स’शी महिनावार ताडून पाहा. आणि नोंदवहीतील कोरी जागा म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हे कटाक्षाने सांभाळा. या एका गल्लतीने चांगले वर्षही कोरडे दिसू लागते.

नोव्हेंबर ते मे या काळासाठी एक महिन्याचा निर्देशांक काढूच नये. आपल्या माळव्यात तेव्हा पाऊस जवळपास नसतोच, त्यामुळे एखादी हलकी सर पडली तरी आकडा अकारण उसळतो.

प्रतिसाद २

बाष्पोत्सर्जनाविषयी, म्हणजे जमीन व पिके यांतून हवेत जाणाऱ्या पाण्याविषयी, थोडे सविस्तर लिहितो. ते काढणाऱ्या पेनमन-मॉन्टिथ समीकरणाला तापमानाखेरीज आर्द्रता, वारा व सूर्यप्रकाशही लागतो, आणि ती सगळी सामग्री आपल्यापाशी नाही. १९८५ चे हारग्रीव्ह्ज-समानी समीकरण कमाल व किमान तापमान आणि अक्षांश एवढ्यावरच चालते. दमट हवेत ते बाष्पोत्सर्जन वाढवून दाखवते आणि आपला पावसाळा दमटच असतो. म्हणून पावसातून बाष्पोत्सर्जन वजा करण्याऐवजी पावसाला त्याने भागणारा निर्देशांक मी पसंत करीन, कारण समीकरण दरवर्षी सारख्याच पटीने चुकत असेल, तर लघुगणक घेऊन प्रमाणित करताना ती चूक आपोआप निघून जाते. घाटाखालच्या गावांसाठी तापमानाला उंचीची दुरुस्ती द्यावीच लागेल. इंदूरचे पठार सुमारे ५५० मीटरवर आहे आणि नर्मदेच्या खोऱ्यापर्यंत उतरताना दोन अंशांहून अधिक फरक पडतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, तथापि हंगामाची बेरीज सरासरीइतकी असूनही सोयाबीन करपू शकते, ही गोष्ट माझ्या मते केंद्रांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन पुस्तिकेत पावसातील खंडाचा स्वतंत्र विचार आहे: सलग तीन-चार आठवडे साप्ताहिक पाऊस सरासरीच्या निम्म्याहून कमी राहिला, तर तो खंड धरतात. शेंगा भरताना असा खंड पडला तर सप्टेंबरअखेरचा मुसळधार पाऊस बेरीज भरून काढतो, पीक नव्हे. त्यातही खोल काळ्या जमिनीतील पीक काही दिवस तग धरते आणि उतारावरच्या मुरमाड जमिनीतील आधी माना टाकते. तेव्हा ताई, सबंध पाणलोटाला एकच आकडा देऊ नये.

विहिरींची पातळी पावसाळ्याआधी व नंतर पाहा. बेसाल्टच्या उथळ थरातील पाणी झपाट्याने उतरते, त्यामुळे त्याच हंगामाची तूट तिथे लवकर उमटते. नाला दरवर्षी कोणत्या पंधरवड्यात वाहायचा थांबला, हेही गावोगावच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्या, आणि दोन गावांच्या उत्तरांचा मेळ बसला तरच वापरा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. पठार आणि घाटाखालचा भाग वेगळे करून मी जून ते सप्टेंबरचे निर्देशांक काढीन. साप्ताहिक खंडांसाठी ‘चर्प्स’चे रोजचे आकडे घ्यावेत का?

प्रतिसाद १

रोजचे नकोत. ही मालिका मुळात पाच-पाच दिवसांच्या बेरजांवर उभारलेली असून रोजची विभागणी नंतर केली जाते. पाच दिवसांचेच आकडे घ्या आणि खंड त्यांवरून मोजा.