मदत हवी आहे : एकाच डावात तीस गुण कसे गेले?

नमस्कार मंडळी. माझी मुलगी लिचेस या संकेतस्थळावर बुद्धिबळ खेळते. दहावीमुळे सव्वा वर्ष खेळ बंद होता. परवा सुरू केला, तर रेटिंगपुढे (खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यापुढे) प्रश्नचिन्ह. पहिलाच डाव बरोबरीच्या खेळाडूशी हरली आणि तीसेक गुण गेले, पूर्वी दहाएक जायचे. समोरच्याला मात्र सहाच मिळाले! पोर फार हिरमुसली आहे.

मला कळलं ते असं : फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) एलो या रेटिंग पद्धतीत एका डावाने आकडा किती हलेल ते ठरवणारा गुणांक ठरलेला असतो (अठरा वर्षांपर्यंत आणि २३०० रेटिंगच्या खाली ४०), म्हणून बरोबरीच्याशी हरलं की त्याचे निम्मे, २० जातात. लिचेसच्या ग्लिको-२ पद्धतीत रेटिंगसोबत त्या आकड्याची अनिश्चितताही मोजतात. बरेच दिवस खेळलं नाही की ती वाढते, ११० च्या वर गेली की प्रश्नचिन्ह येतं, आणि आकडा जोरात हलतो. हे बरोबर आहे का?

आणि खरी अडचण : अनिश्चितता लवकर उतरायला तिने बरोबरीच्यांशीच खेळावं, की दोनशे-तीनशे गुणांनी वरच्यांशी खेळूनही तेवढीच उतरते? जाणकारांनी कृपया सांगा, शक्यतो एखादा आकडा मांडून. तिलाही समजावता येईल.