मदत हवी आहे: चंद्रपूर की निफाड?

बदलीला दोनच ऑप्शन आलेत, चंद्रपूर नाहीतर निफाड, आणि घरात रोज यावरूनच वाद. मला थंडी जाम आवडते, गोधडीत घुसून आल्याचा चहा मिळाला की बास, पण आई म्हणते थंडीत माझे गुडघे धरतात, त्यापेक्षा ऊन परवडलं. अगं पण चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरमध्ये सकाळी भरलेलं पाणी दुपारपर्यंत संपतं, हे तिला कोण सांगणार! निफाडकरांनो, डिसेंबर-जानेवारीत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते म्हणे, मग घरात वयस्कर माणसांसाठी काय करता? रूम हीटर घेऊ का, लाइट बिल किती वाढतं? चंद्रपूरवाल्यांनी पण सांगा प्लीज, शुक्रवारपर्यंत कळवायचंय.