रे: वेगळी जागा कशाला?

वर एकाने लिहिलंय की भेदभावाविरुद्ध कायदे आहेत ना, मग आदिवासींना कमिटीत वेगळी जागा कशाला. अहो, कायदा करताना टेबलाशी कोण बसलं होतं त्यावरच सगळं ठरतं! यूएनने वंशभेदाविरुद्धचा करार १९६५ साली केला, पण मूळनिवासींच्या, म्हणजे जगभरच्या आदिवासींच्या, हक्कांचा जाहीरनामा यायला २००७ उजाडलं, तोही त्यांचीच माणसं वीसेक वर्षं जिनिव्हाला खेटे घालत राहिली म्हणून. भारताने बाजूने मत दिलं, पण आपल्याकडे सगळेच मूळनिवासी ही सरकारी भूमिका कायम. यूएनला सल्ला देणाऱ्या मूळनिवासींच्या कायम मंचावर १६ जण असतात, त्यातले ८ मूळनिवासी संघटनांनी सुचवलेले, मला हे फार मोलाचं वाटतं.

आता आपली मुंबई बघा. स्टेशनच्या भिंतींवर वारली चित्रं काढतात, लोक सेल्फी घेतात. आणि आरेच्या जंगलातल्या पाड्यावरच्या माझ्या वारली मैत्रिणीला एका ऑफिसात, टेबलावर आजोबांच्या नावाची शेतसाऱ्याची पावती ठेवलेली असताना, तोंडावर विचारलं, "मुंबईत कुठले आदिवासी?" तिथे समोरच्या खुर्चीत पाड्यावरचंच कुणी असतं तर हा प्रश्न तरी आला असता का?