मदत हवी आहे: शरीरात बसवायचा अँटेना साखरेच्या पाण्यात ४०३ मेगाहर्ट्झवर येतच नाहीये

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवा प्लीज.

मी एमईच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), पुण्यात. प्रोजेक्ट आहे पेसमेकरसारख्या इम्प्लांटसाठी छोटा अँटेना, ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झवर चालणारा. विषय मीच मागून घेतला, कारण आजोबांचा जुना पेसमेकर तपासायला छातीवर ती माऊससारखी कॉइल टेकवावी लागायची, आणि नवा बसवल्यावर पलंगाशेजारचा डबा रात्री आपोआप माहिती घेतो ते बघून डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. आता रडतेय.

तर डिझाइन असं की १८ बाय १८ मिमीचा पिफा (चपटा, छोट्या जागेत बसणारा अँटेना), खाली १०.२ परमिटिव्हिटीचा (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो तो आकडा, तो वाढला की फ्रिक्वेन्सी खाली येते) सबस्ट्रेट म्हणजे आधाराचा थर, वर तसाच एक थर झाकण म्हणून म्हणजे धातूला टिश्यू लागणार नाही. सिम्युलेशनमध्ये भोवती स्नायू घेतला (परमिटिव्हिटी ५७.१, कंडक्टिव्हिटी ०.८), तिथे ४०३ वर एस-११ (अँटेनाकडून परत फिरणारा सिग्नल, जितका उणे तितकं चांगलं) मस्त उणे २२ डीबी. मग फँटम बनवलं, म्हणजे शरीराच्या जागी वापरायचं नकली द्रावण: पाणी, साखर आणि मीठ, साखर वजनाने जवळजवळ पाण्याइतकीच. होस्टेलच्या मेसमधल्या काकूंकडे दोन किलो साखर मागितली तेव्हा त्यांनी ज्या नजरेने बघितलं ते सांगण्यासारखं नाही. ते द्रावण भाजीच्या डब्यात ओतून अँटेना बुडवला आणि नॅनोव्हीएनए (एस-११ मोजायचं छोटं यंत्र) लावला तर डिप, म्हणजे एस-११ सगळ्यात खाली जातो ती जागा, ३६७ ला!! आणि खरी गंमत पुढे आहे, केबलला हात लावला की तोच डिप ३८० पर्यंत सरकतो, हात काढला की परत खाली. सर म्हणतात मोजमाप दाखवल्याशिवाय सबमिशन नाही, व्हायवा १२ तारखेला आहे, आणि मुंग्यांमुळे फँटम फ्रीजमध्ये ठेवावं लागतं ते वेगळंच. काय चुकतंय?

रेडिओवाला_नाशिक:
हात लावल्यावर डिप सरकतोय हे तू स्वतःच लिहिलंयस आणि उत्तर तिथेच आहे. तुझा ग्राउंड १८ मिमीचा, एवढासा ग्राउंड करंटला पुरत नाही, मग तो करंट कोॲक्स केबलच्या बाहेरच्या जाळीवरून परत फिरतो आणि अख्खी केबलच अँटेना होऊन बसते. म्हणजे तू अँटेना मोजतच नाहीयेस, अँटेना अधिक केबल अधिक तुझा हात असं मोजतेयस. छोट्या अँटेनाला हा रोग हमखास. अँटेनाच्या अगदी मुळापाशी केबलवर फेराइटचे मणी ओव, ते हा बाहेरचा करंट अडवतात, पण चार्जरच्या वायरवरची ती जाड गाठ घेऊ नकोस, ती खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी असते, ४०० ला चालणारं मटेरियल माग. मणी नाही मिळाले तर पाव तरंगलांबीची तांब्याची नळी चढव, हवेत ४०३ ची तरंगलांबी ७४ सेमी म्हणजे नळी साडेअठरा, हे गणित फक्त द्रावणाबाहेरच्या भागापुरतं. आणि कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला केलंस की व्हीएनएच्या पोर्टला?

मी (धागाकर्ती):
पोर्टला 🙈

रेडिओवाला_नाशिक:
मग आधी ते कर बाई.

चहाबाज:
मला यातलं ओ की ठो कळत नाही पण एक शंका, एवढं वायफाय ब्लूटूथ असताना हा ४०३ कुठून काढला? आणि बाबांनी मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवला तर चालेल का, त्यांनाही पेसमेकर आहे.

मी (धागाकर्ती):
@चहाबाज, फ्रिक्वेन्सी जितकी वर तितकं आपलं पाणीदार शरीर जास्त शोषतं, आणि खूप खाली गेलं तर एवढासा अँटेना नीट चालत नाही, म्हणून मधला पट्टा. अमेरिकेत एफसीसीने (तिथली रेडिओ लहरींचं नियमन करणारी संस्था) तो १९९९ मध्ये इम्प्लांटसाठी दिला, पॉवर जास्तीत जास्त २५ मायक्रोवॉट. हाच पट्टा हवामानाच्या फुग्यांचाही आहे, म्हणजे शिमला ऑफिसवाल्यांचे (पुण्यातलं हवामान खातं) भाऊबंद. मोबाइल पेसमेकरपासून निदान १५ सेमी लांब ठेवायचा, छातीवरच्या खिशात नको, बोलताना दुसऱ्या बाजूचा कान. बाकी डॉक्टरांना विचारा, मी इंजिनिअर आहे.

लॅबमधला_उंदीर:
वरचं केबलचं सगळं बरोबर, पण तेवढ्याने भागेल असं वाटत नाही. डिप कुठल्या दिशेला सरकलाय ते बघ. झाकणाच्या थराखाली हवेचा फुगा राहिला असता तर फ्रिक्वेन्सी वर गेली असती. तुझी खाली गेलीये, म्हणजे एक तर दोन थरांच्या मध्ये द्रावण झिरपलंय नाहीतर फँटमची परमिटिव्हिटी ५७ पेक्षा जास्त आहे. साखर परमिटिव्हिटी खाली आणते आणि मीठ कंडक्टिव्हिटी वाढवतं, त्यामुळे साखर तळाशी बसली असेल तर वरवर नुसतं खारं पाणी उरतं. शिवाय फ्रीजमधून काढून लगेच मोजत असशील तर तेही थांबव, तापमानाने आकडे बदलतात, खोलीच्या तापमानाला येऊ दे आणि ढवळ. आणि भाजीचा डबा सिम्युलेशनमध्ये घेतलायस का? त्याच मापाचा, अँटेना तेवढाच खोल? नसेल तर तुलना कशाची कशाशी चाललीये?

फँटमच्या नादाला लागून माझे तीन महिने गेले होते, शेवटी खाटकाकडून खिमा आणला आणि त्यात मोजलं. पेपरांतही लोक सर्रास डुकराच्या मांसात मोजतात. पण खिमा कडक दाबून भर, मध्ये हवा राहिली की परत तेच रडगाणं.

मी (धागाकर्ती):
आमच्या होस्टेलला अंडंसुद्धा आत आणू देत नाहीत, खिमा विसरा.

अपडेट (चौथ्या दिवशी): कॅलिब्रेशन केबलच्या टोकाला केलं, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ दोन दुकानं फिरल्यावर मणी मिळाले, सहा ओवले. हात लावला तर आता डिप जेमतेम एक-दीड मेगाहर्ट्झ हलतो. @उंदीर तुमचा अंदाज बरोबर होता, झाकण उचकटलं तर आत चिकट पाक!! अरल्डाइट कडेला एका जागी लागलंच नव्हतं. साफ करून परत चिकटवलं, रात्रभर सुकवलं, द्रावण नीट गरम करून साखर विरघळवली, गार झाल्यावर मोजलं तर ३९६ आलंय. डबाही सिम्युलेशनमध्ये टाकला, तिथे ४०१.

बँडविड्थ बऱ्यापैकी रुंद आहे त्यामुळे ३९६ ला डिप असूनही ४०३ ला उणे १३ मिळतंय, सर हो म्हणालेत. पण उरलेले ५ मेगाहर्ट्झ फँटमचे की चिकटवण्याचे हे एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) विचारणारच, आणि ते सांगायला फँटमची परमिटिव्हिटी प्रत्यक्ष मोजायला हवी. आमच्या कॉलेजात डायइलेक्ट्रिक प्रोब नाही. पुण्यात किंवा मुंबईत कुणाच्या लॅबमध्ये असेल तर अर्धा तास द्याल का? द्रावण मी डब्यातून घेऊन येते, झाकण घट्ट आहे, सांडणार नाही. व्यनि (खाजगी निरोप) करा.