मदत हवी आहे: 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेटणारं की न पेटणारं?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. लेक सातवीत, इंग्रजी माध्यमात. घरात मराठी, खाली खेळताना गुजराती, त्यामुळे इंग्रजी शब्दांच्या जोड्या ती नुसत्या घोकते.

परवा स्कूटरवर होतो, पुढे पेट्रोलचा टँकर. कोयलीची रिफायनरी जवळ, आमच्याकडे टँकरांना काय तोटा! मागे मोठ्या लाल अक्षरांत 'हायली इन्फ्लेमेबल'. मागून लेक म्हणते, "आई, घे ना जवळून, हा पेटत नाही. लिहिलंय बघ." घरी येऊन चाचणीची वही काढली. 'फ्लेमेबल'चा विरुद्धार्थी 'इन्फ्लेमेबल', आणि त्यावर बाईंची बरोबरची खूण! खालीच 'व्हॅल्युएबल × इनव्हॅल्युएबल'. तेही बरोबर.

तिचा मुद्दा: करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल चालतं, मग हे का नाही? मला अर्थ माहीत आहे, कारण सांगता येत नाही. काही नियम आहे का? आणि बाईंशी बोलू का? मुलीचे दोन मार्क कापा म्हणून शाळेत जाणारी मी पहिलीच आई असेन.

जुना मास्तर:
ताई, लॅटिनमध्ये दोन वेगळे 'इन' होते. एक नकाराचा, दुसरा 'आत, मध्ये' अशा अर्थाचा. 'इन्फ्लेम' म्हणजे पेटवणे, त्यात हा दुसरा. त्याला 'एबल' लागलं की पेटू शकणारं. दुखऱ्या जागी आग होते ते 'इन्फ्लमेशन' याच घरातलं. म्हणजे फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल एकच; उलट हवं तर 'नॉनफ्लेमेबल'. तुमच्या लेकीसारखाच घोळ मोठ्यांचाही व्हायचा, म्हणून विसाव्या शतकात अमेरिकेत अग्निसुरक्षेवाल्यांनी 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. आपले टँकर अजून जुन्या शब्दावरच आहेत.

पक्का नियम नाही. मी मुलांना एवढंच सांगायचो, शेवटचं 'एबल' झाका आणि उरलेलं क्रियापद आहे का पाहा. 'इन्फ्लेम' आहे, 'इनव्हिज' नाही. पण 'इनव्हॅल्युएबल'ला ही युक्ती लावू नका, तिथे 'इन' नकाराचाच आहे.

ग्वाल्हेरची सून:
त्यासाठी मराठीच घ्या की! 'मूल्यवान'च्या उलट 'अमूल्य' होतं का? किंमतच करता येत नाही इतकं मोलाचं, तसंच 'इनव्हॅल्युएबल'. आणंद तुमच्या शेजारी, दुधाच्या पिशवीवर 'अमूल' रोज वाचत असेल ती. ते नाव 'अमूल्य'वरूनच. उलट शब्द 'वर्थलेस'. 'फेमस-इन्फेमस'ही तपासा, पोरं हमखास लिहितात. इन्फेमस म्हणजे कुप्रसिद्ध, अप्रसिद्ध नव्हे.

बाईंना मात्र एकटं गाठा, पालकसभेत नको. वही नेऊ नका, डिक्शनरीचं पान न्या.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. पिशवी दाखवली, लगेच पटलं. 'एबल'वर बोट ठेवून निम्मी वही तपासून झाली. बाईंना शनिवारी भेटते. लेकीची एकच अट आहे, मार्क परत द्यायचे नाहीत.