लेखनाचा तयार अभ्यासक्रम विकत घ्यावा का? (होमस्कूलिंग, वय १४)

कोथरूडची_आई
लेक घरीच शिकते, एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी द्यायची आहे. गणित-विज्ञान चाललंय बरं, घोडं पेंड खातंय ते लेखनात. बोलायला लावा, तासभर बोलेल; कागद पुढे केला की चार ओळी. ओळखीतले बरेच पालक एक अमेरिकन रायटिंग प्रोग्राम वापरतात. उतारा वाचायचा, दर वाक्यातले दोन-तीन शब्द टिपायचे, उतारा झाकून त्या शब्दांवरून पुन्हा लिहायचा. पुढे पाच परिच्छेदांचा निबंध. किंमत डॉलरमध्ये, म्हणजे बघायलाच नको. तरी माझं मत घ्यावा असंच आहे. मी भाषेची माणूस नाही, आणि ‘मनाला येईल ते लिही’ म्हणून आजवर काही हाती लागलं नाही. विरोधी मतं येऊ द्या.

टेकडीवाला
पूर्ण विरोध! प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. सगळे छापाचे गणपती.
आमचे चिरंजीव रोज पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जातात. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी कमी करायला त्या टेकडीवरून आखलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्यावरून घरात भांडण झालं, तेव्हा म्हटलं, मनपा आयुक्तांना पत्र लिही. पहिला खर्डा ‘झाडे आपले मित्र आहेत’ छापाचा. मी विचारलं, लॉ कॉलेज रस्त्यावर रोज अडकणारा माणूस हे वाचून काय म्हणेल? पठ्ठ्या गप्प. दुसऱ्या खर्ड्यात पहिलाच परिच्छेद त्या कोंडीवर होता, झाडं नंतर आली. समोरच्याचं म्हणणं आधी मांडायला त्याला कुठल्या वर्कबुकनं शिकवलं नाही.

निवृत्त_मराठीबाई
अहो, तुमच्या मुलाला राग आला होता, म्हणून लिहिलं. जिला काहीच सुचत नाही तिला आयुक्तांचं पत्र देऊन काय उपयोग? तिला आधाराला काठी हवीच.
पण त्यासाठी डॉलर कशाला? दहावीच्या कुमारभारतीत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा. शब्द टिपून उतारा पुन्हा लिहिणं हे आपल्या सारांशलेखनाचंच भावंड. पुस्तक बालभारतीच्या साइटवर फुकट आहे. एनआयओएसलाही मराठी विषय घेता येतो.

कोथरूडची_आई
बाई, तिचा सगळा अभ्यास इंग्रजीत आहे हो.

टेकडीवाला
आणि तासभर बोलते ती कुठल्या भाषेत?

कोथरूडची_आई
मराठीत. पण पेपर मराठीत नाहीत ना.

निवृत्त_मराठीबाई
नसू देत. ती बोलेल ते तुम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करा, तिनंच ऐकून उतरवावं, मग काटछाट. मुद्दे लावायची सवय मराठीत लागली की इंग्रजीत वेगळी लावावी लागत नाही.

बाणेरकर_बाबा
सगळे हवेत बोलताय. आधी परीक्षा कुठली ते बघा. आमची मुलगी केंब्रिज आयजीसीएसईला (दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) बाहेरून बसतेय. फर्स्ट लँग्वेज इंग्लिशच्या दुसऱ्या पेपरात एक लेखन २५० ते ३५० शब्दांचं, दिलेले उतारे पारखून लिहायचं; दुसरं ३५० ते ४५० शब्दांचं, वर्णन किंवा गोष्ट. तिथे पाच परिच्छेद काय कामाचे? आमच्या बाईसाहेबांनी सरावात चक्क भुताच्या गोष्टीला प्रस्तावना आणि समारोप लावला होता. अमेरिकेला जायचं म्हणून घेत असाल तर सॅटचा (तिकडच्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा) ऐच्छिक निबंधही बहुतेकांसाठी २०२१ मध्ये बंद झाला.
एनआयओएसच्या असाइनमेंटना २० टक्के गुण आहेत. त्याच मन लावून लिहून घ्या, दोन्ही कामं होतील.

निवृत्त_मराठीबाई
आणि तपासणार कोण, हे कुणीच बोलत नाहीये. अशा प्रोग्राममध्ये परिच्छेदागणिक टिक करायची यादी असते: एक क्रियाविशेषण, एक इंग्रजी ‘विच’ (which) असलेलं वाक्य. मुलं यादी भरायला क्रियाविशेषणं कोंबतात. ‘आजी हळुवारपणे मेली’ असं वाचायची तयारी ठेवा.

कोथरूडची_आई
हसले! रेकॉर्डिंगचं आजपासूनच करते. प्रोग्राम मात्र घेणार. मंगळवारी काय आणि गुरुवारी काय, हे कुणीतरी ठरवून दिलेलं मला हवंय. नोकरी सांभाळून रोज नवं सुचवणं होत नाही. टेकडी, आयुक्त वगैरे रविवारी. कुणाकडे सेकंडहँड संच असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टेकडीवाला
मिळेल की. तिसऱ्या धड्यानंतर सगळी वर्कबुकं कोरीच असतात.